गॅस्ट्रोपबमध्ये जेवायला जाताना: टेबल ठरवण्यापासून शेवटच्या घंटेपर्यंत

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली मुलं, नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेली कुटुंबं आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात राहायला जाणारे आई-बाबा, या सगळ्यांना पब रोज दिसतो. आत जाऊन जेवायचा धीर मात्र पुष्कळांना होत नाही. दारात कोणी "किती जण?" असं विचारत नाही, मेनू कुठे आहे ते कळत नाही, आणि टेबलावर बसून वेटरची वाट पाहावी तर कोणी फिरकतच नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातली माहिती मुख्यतः इंग्लंडमधल्या, त्यातही लंडनकडच्या गॅस्ट्रोपबची, म्हणजे चांगल्या जेवणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पबची, आहे. स्कॉटलंडचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. गॅस्ट्रोपब हा आधी पब असतो. जेवण कितीही नावाजलेलं असलं तरी तिथला कारभार बारच्या काउंटरभोवती चालतो. रेस्टॉरंटच्या अपेक्षा घेऊन गेलात तर अवघडल्यासारखं होईल, आणि पबच्या रीतीने वागलात तर त्याच पैशांत दुप्पट आनंद मिळेल.

ही रीत कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधले बहुतेक पब पिढ्यान्‌पिढ्या बड्या बिअर कंपन्यांच्या मालकीचे होते. १९८९ मध्ये सरकारने या कंपन्यांच्या मक्तेदारीवर बंधनं घातली. दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्यांना त्यांतले बरेच मोकळे करावे लागले आणि पुष्कळ जुने पब विकायला किंवा भाड्याने निघाले. रेस्टॉरंट उघडण्याइतकं भांडवल नसलेल्या स्वयंपाक्यांना ही संधी होती. १९९१ मध्ये माइक बेल्बन आणि डेव्हिड आयर यांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर 'द ईगल' घेतला. स्वयंपाक बारच्या मागेच, सगळ्यांसमोर, मेनू खडूने फळ्यावर, खुर्च्या-टेबलं एकमेकांशी न जुळणारी, ऑर्डर काउंटरवर. 'गॅस्ट्रोपब' हे नाव याच जागेमुळे रूढ झालं. पुढे मार्लो गावातल्या टॉम केरिज यांच्या 'हँड अँड फ्लॉवर्स'ने मिशलिन या प्रसिद्ध खाद्य-मार्गदर्शकाचे दोन तारे मिळवले. असे दोन तारे मिळवणारा तो पहिला पब. तरी त्याचं पबपण सुटलेलं नाही.

पब आणि वेळ निवडताना

गॅस्ट्रोपबचं बार दिवसभर उघडं असतं, स्वयंपाकघर मात्र नसतं. दुपारचं जेवण साधारण १२ ते अडीच-तीन आणि रात्रीचं ६ ते ९ किंवा साडेनऊ. मधल्या वेळेत फार तर बारवरचे छोटे पदार्थ मिळतात. आपल्या सवयीने रात्री साडेनऊला जेवायला गेलात तर बिअर मिळेल, जेवण मिळणार नाही. बऱ्याच ठिकाणी सोमवारी स्वयंपाकघर बंद असतं. म्हणून वेबसाइटवर पबची वेळ पाहून थांबू नका, स्वयंपाकघराची वेळ वेगळी शोधा.

पहिल्यांदा जात असाल तर मंगळवार ते गुरुवारची संध्याकाळ निवडा, साडेसहाच्या सुमारास. कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी प्यायला असते, जेवणाची टेबलं अजून मोकळी असतात आणि काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. शुक्रवारी संध्याकाळी शहरातला पब अनुभवायला छान असतो, शिकायला नाही. रविवारच्या दुपारसाठी मात्र टेबल आधी राखून ठेवाच. चांगल्या पबमध्ये ती टेबलं आठवडाभर आधीच भरतात.

पब निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. मेनू छोटा आहे का, आणि तो बदलतो का. पाच-सहा मुख्य पदार्थ, वर आजची तारीख, हे उत्तम लक्षण. करी, पिझ्झा, बर्गर, पास्ता, नूडल्स असे चाळीस पदार्थ असतील तर ते बाहेरून गोठवून आलेले असण्याची शक्यता बरीच असते. तिथे पोट भरेल, पण ज्यासाठी एवढे पैसे मोजायचे ते मिळणार नाही.

मुलं बरोबर असतील तर आधी विचारून घ्या. पुष्कळ पब मुलांना जेवणाच्या भागात येऊ देतात, पण रात्री ठरावीक वेळेनंतर नाही. कुत्रे मात्र बहुतेक ठिकाणी असतात, टेबलाखाली शांत बसलेले. कुणाला भीती वाटत असेल तर जागा त्या हिशेबाने निवडावी.

आत गेल्यावर

बहुतेक गॅस्ट्रोपबचे दोन भाग असतात. पुढे बार, मागे किंवा वरच्या मजल्यावर जेवणाची खोली. टेबल राखलेलं असेल तर काउंटरवर नाव सांगा, कोणीतरी नेऊन बसवेल आणि ऑर्डर टेबलावर घेतली जाईल. राखलेलं नसेल तर पुढच्या भागात मोकळं टेबल पाहून बसा. त्यावर 'रिझर्व्हड' पाटी आहे का आणि कितीपासून आहे ते वाचा; आठची पाटी असेल आणि आता सहा वाजले असतील तर विचारून बसता येतं. टेबलावरचा क्रमांक लक्षात ठेवा, कारण काउंटरवर पहिला प्रश्न तोच असतो. ऑर्डर कुठे द्यायची याचा अंदाज येत नसेल तर सरळ विचारा: "इथे बारवर सांगायचं की टेबलावर?" हा प्रश्न तिथले लोकही विचारतात.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण रांग असते. लोक लाकडी काउंटरला लागून आडवे उभे राहतात आणि कोण कधी आलं हे आतला माणूस डोक्यात ठेवतो. आपण मोकळी जागा बघून उभं राहायचं, त्याच्याशी नजरानजर झाली की पुरे. नोट हलवणं, "एक्सक्यूज मी" म्हणून हाका मारणं, चुटकी वाजवणं हे अगदी उद्धट समजलं जातं. तुमच्या आधी आलेला कुणी शेजारी असेल आणि तुम्हाला आधी विचारलं गेलं, तर "हे माझ्या आधी होते" असं सांगा. या एका वाक्याने पबमधली तुमची पत वाढते. अलीकडे काही ठिकाणी एकामागे एक रांग लावायची पद्धत आली आहे. तशी दिसली तर मुकाट्याने तिच्यात उभं राहावं.

दारू १८ वर्षांवरच्यांनाच विकता येते. पण पंचविशीच्या आतले दिसणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागण्याचा शिरस्ता आहे. विद्यार्थ्यांनी पासपोर्ट घेऊन फिरण्यापेक्षा ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स, अगदी शिकाऊ असलं तरी, जवळ ठेवावं. पासपोर्ट पबमध्ये हरवला तर पुढचा महिना त्यातच जातो.

काय प्यायचं

काउंटरवर दोन प्रकारचे नळ दिसतात. छोटे, चकचकीत नळ असतात ते लागर, स्टाउट वगैरे प्रकारच्या बिअरचे, गॅसच्या दाबावर चालणारे. त्यांच्याजवळ लांब, उभ्या मुठीचे हातपंप असतात. ते कास्क एलचे, म्हणजे पिंपातून हाताने ओढायच्या पारंपरिक बिअरचे. पहिल्या भेटीत हातपंपाची बिअर घ्यावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. जगात बाकी सगळं मिळतं, पण ही बिअर तिच्या घरी जाऊनच प्यावी लागते. ती पिंपात असतानाही जिवंत असते. आतलं यीस्ट काम करत राहतं, त्यातूनच हलका फेस तयार होतो, वरून गॅस भरत नाहीत. तळघरात ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात. म्हणून "इंग्रज गरम बिअर पितात" हा समज चुकीचा आहे. ती गार असते, बर्फगार नसते, आणि त्यामुळेच माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आणि हॉप्सची (कडवटपणा देणाऱ्या फुलांची) चव जिभेला कळते. पिंप उघडल्यावर मोजक्या दिवसांत संपवावं लागतं, म्हणून गर्दीच्या पबमध्ये कास्क एल चांगली मिळते. १९७० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही बिअर जवळजवळ बाजूला सारली होती. १९७१ मध्ये 'कामरा' ही ग्राहकांची संघटना उभी राहिली आणि तिने ती वाचवली.

सुरुवात 'बिटर' या प्रकारच्या एलने करा. नावाप्रमाणे ती कडूजार वगैरे नसते. फुलर्सची 'लंडन प्राइड' ४.१ टक्क्यांची, हार्वीजची 'ससेक्स बेस्ट' ४ टक्क्यांची. दोन्ही जेवणाबरोबर सहज जातात. ठरत नसेल तर चव मागा. काउंटरवरचा माणूस छोट्या ग्लासात घोटभर फुकट देतो. एक-दोन चवी मागणं ठीक, पाच मागू नयेत. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर न संकोचता परत न्या: "ही जरा आंबलेली वाटते, बघता का?" एवढं पुरतं. चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा पाइंट मागण्यात काहीही कमीपणा नाही, उलट दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर तोच शहाणपणा. फेस फारच वर आला असेल तर थोडी भरून मागता येते. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलिलिटरच्या मापात मिळते. माप न सांगता 'एक ग्लास' म्हटलं तर कुठलं हे विचारतील; १७५ हे मधलं. जिन-व्हिस्कीचं एक माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचं, त्या पबने ठरवलेलं.

इंडिया पेल एल अनेक फळ्यांवर दिसेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात लंडनहून आणि पुढे बर्टन या इंग्लिश गावाहून हॉप्स जास्त घातलेली फिकी बिअर जहाजांनी हिंदुस्थानात येत असे, मुंबईच्या बंदरातही. आज त्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच बिअर अमेरिकन धाटणीच्या, फळांच्या वासाच्या आणि कडक असतात. टक्केवारी वाचून मागवा.

न पिणाऱ्यांनी पबमध्ये संकोचायचं काहीच कारण नाही. अर्धा टक्का अल्कोहोल असलेल्या बिअर आता जवळपास सगळीकडे असतात. अ‍ॅडनम्सची 'घोस्ट शिप' त्या रूपात खरोखर चवदार आहे. अर्धा टक्काही नको असेल तर एल्डरफ्लॉवर या फुलाचं सरबत घातलेलं सोडावॉटर, बिनअल्कोहोलची जिंजर बिअर किंवा लाइम-सोडा मागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेत नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. 'टॅप वॉटर' असं स्पष्ट सांगा, नाहीतर बाटली येईल.

फळा कसा वाचायचा

फळ्यावरचे पदार्थ ऋतूप्रमाणे बदलतात आणि त्यातच या जागांची खरी कमाई आहे. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत इंग्लिश अ‍ॅस्परॅगस, लोण्यात परतलेला. १२ ऑगस्टपासून ग्राउस, ऑक्टोबरपासून फेझंट, हे शिकारीचे पक्षी. हरणाचं मांस थंडीत. लंडनच्या फुलहॅममधला 'हारवुड आर्म्स' अशा शिकारीच्या पदार्थांसाठीच नावाजला गेला. तिथलं हरणाच्या मांसातलं स्कॉच एग प्रसिद्ध आहे. पक्षी खाताना घास सावकाश चावा, क्वचित छर्रा राहिलेला असतो.

पहिल्या वेळी बारवरचे छोटे पदार्थ मधे ठेवून वाटून खावेत. स्कॉच एग म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती सॉसेजचं मांस आणि वरून ब्रेडचा चुरा. चांगल्या ठिकाणी आतला बलक ओलसर असतो आणि ते गरम, नुकतं तळलेलं येतं. मुख्य पदार्थांत मासे-चिप्स ही सुरक्षित निवड; चिप्स म्हणजे इथे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी. हॅडॉक किंवा कॉड, बिअर घातलेल्या पिठात तळलेला, बरोबर मटारचा लगदा आणि टार्टार सॉस. काटे जवळजवळ नसतात, त्यामुळे आपल्याकडच्या मासेखाऊंना हा प्रकार आधी अळणी वाटतो. लिंबू पिळा, मीठ घाला, माल्ट व्हिनेगर मागा, मग त्या माशाची चव खुलते.

'पाय' (pie) म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ. त्याबद्दल मी जरा हट्टी आहे. भांड्यात रस्सा आणि वर पफ पेस्ट्रीचं झाकण, याला बरेच ठिकाणी पाय म्हणतात. खरा पाय खाली, बाजूंनी आणि वर, सगळीकडून पिठाच्या कवचात असतो आणि त्याला बनवायला वेळ लागतो. "कवच पूर्ण आहे का नुसतं झाकण?" असं विचारा. पूर्ण असेल तर तोच घ्या.

तिखट नाही म्हणून सॉसच्या बाटलीकडे धावण्याआधी इंग्लिश मोहरी मागा. पिवळी, साधी दिसते, पण नाकातून डोक्यात जाते. हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाच्या सॉसचंही तसंच. मिरचीचीच ओढ असेल तर बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या भागात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत. पाइंटबरोबर तंदुरी कबाब मिळतात आणि तो अनुभव स्वतंत्रपणे घेण्यासारखा आहे.

शाकाहारी असाल, किंवा बीफ-पोर्क खात नसाल

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते, कारण अडचण पदार्थाच्या नावात नसते, तो शिजवण्यात असते.

ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे अंडी चालतात. मेनूवर शाकाहारी खूण आहे म्हणून अंडं नसेल असं समजू नका. अंडं नको असेल तर वीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या, खुणेचे पदार्थ पाहा. भाजलेले बटाटे पुष्कळदा बदकाच्या चरबीत किंवा ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बहुधा बीफच्या चरबीत, भाजलेले असतात. चिप्सही कधी ड्रिपिंगमध्ये तळतात, आणि वनस्पती तेलात तळल्या तरी कढई माशांचीच असू शकते. सुएट ही गाय किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी; वाफवलेल्या पुडिंगच्या पिठात ती घालतात, गोड पुडिंगमध्येसुद्धा. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो आणि तो चीज-टोस्टवरही येतो. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडणारं रेनेट असतं. पॅनाकोटात जिलेटिन. ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराचं रक्त. क्रॅकलिंग म्हणजे डुकराची कुरकुरीत कातडी.

आणि बिअर. कास्क एल नितळ करायला पुष्कळदा आयझिंग्लास वापरतात. ते माशाच्या वायुपिशवीतून काढलेलं असतं. ग्लासात ते जवळजवळ उरत नाही, पण काटेकोर शाकाहारी माणसाला हे माहीत असायला हवं. असं काही न घालता केलेल्या, 'अनफाइन्ड' लिहिलेल्या बिअर किंवा वीगन खुणेच्या बिअर आता सहज मिळतात.

विचारायचं कसं? "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून थांबू नका. "बटाटे कशात भाजलेत? ग्रेव्ही कुठल्या स्टॉकची आहे? तळण वेगळं आहे का?" असे नेमके प्रश्न विचारा. अ‍ॅलर्जीच्या १४ घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक असल्यामुळे बहुतेक स्वयंपाकघरांत प्रत्येक पदार्थाचा तक्ता असतो. मात्र त्यात अंडं, दूध, मासे येतात. बीफची चरबी येत नाही. ती तोंडानेच विचारावी लागते.

रविवारचं रोस्ट

गॅस्ट्रोपबला एकदाच जाणार असाल तर रविवारी दुपारी जा. ताटात भाजलेलं मांस, बाहेरून कुरकुरीत बटाटे, गाजर-पार्सनिप, कोबी, फुगलेलं यॉर्कशर पुडिंग (गोड नाही, पातळ पिठाचं भाजलेलं) आणि वर ग्रेव्ही. बीफबरोबर हॉर्सरॅडिश, लँबबरोबर पुदिन्याचं सॉस, पोर्कबरोबर सफरचंदाचं सॉस. लंडनच्या चांगल्या पबमध्ये एका ताटाला साधारण २० ते २५ पौंड पडतात, आणि दोन माणसांना एक गोड पदार्थ वाटून पुरेल इतकं पोट भरतं.

१२ किंवा साडेबाराचं टेबल घ्या. पहिल्या फळीतले बटाटे आणि पुडिंग ताजे असतात, आणि तीननंतर एकेक मांस फळ्यावरून खोडलं जातं. बीफ आतून गुलाबी येतं. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर कडेचा तुकडा मागा. ग्रेव्ही कमी वाटली तर आणखी मागा, ताट कोरडं ठेवून खाण्यात अर्थ नाही. बीफ टाळणाऱ्यांनी लँब किंवा चिकन घेताना ग्रेव्हीचा प्रश्न विसरू नये, कारण अनेक ठिकाणी सगळ्या ताटांना एकच ग्रेव्ही असते. यॉर्कशर पुडिंगसुद्धा पारंपरिक रीतीने चरबीत भाजतात. शाकाहारी ताटात बहुधा नट रोस्ट असतं, सुकामेवा आणि भाज्यांचा भाजलेला वडीसारखा प्रकार. वेगळी ग्रेव्ही मिळत असेल तर तो चांगलाच लागतो. सोबत कॉलीफ्लॉवर चीज घ्या.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग. खजुराचा मऊ केक, वर गरम टॉफी सॉस. लेक डिस्ट्रिक्टमधल्या शॅरो बे हॉटेलमुळे हा पदार्थ देशभर पोचला. आइस्क्रीमबरोबर घ्या.

राउंड, बिल आणि निघणं

चार मित्र गेले की प्रत्येक जण आपापलं पेय घेत नाही. एक जण सगळ्यांचं घेतो, पुढच्या वेळी दुसरा. याला राउंड म्हणतात आणि तो पबचा सगळ्यात कडक अलिखित नियम आहे. दुसऱ्यांची तीन पेयं पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून जाणं लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. एकच प्यायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा: "मी आज माझं माझं घेतो." न पिणाराही राउंडमध्ये असतो, त्याला लाइम-सोडा आणून द्यायचा आणि त्यानेही आपली पाळी घ्यायची. राउंड सांगताना गिनेस ही स्टाउट असेल तर ती आधी सांगा, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मधे थांबावं लागतं.

काउंटरवर बिअरसाठी टिप देत नाहीत. एखाद्याने फार छान मदत केली तर पैसे देताना "तुमच्यासाठीही एक घ्या" असं म्हणतात. टेबलावर वाढलं गेलं असेल तर बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं का ते पाहा. ते बहुधा ऐच्छिक असतं. लावलं असेल तर वर आणखी काही ठेवायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सेवाशुल्क पूर्णपणे कर्मचाऱ्यांनाच द्यावं असा कायदा आहे, त्यामुळे ते देताना शंका बाळगू नये. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवले तर आभार मानले जातात.

रात्री, बरेच ठिकाणी अकराच्या आधी, घंटा वाजते. ती शेवटच्या ऑर्डरची. काही हवं असेल तर तेव्हाच मागायचं. काउंटर बंद झाल्यावर हातातलं संपवायला थोडा वेळ देतात, नवीन काही मिळत नाही.

किती प्यायलो हे तिथे 'युनिट' या मापात मोजतात. ४ टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये २.३ युनिट अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १७५ मिलिलिटर ग्लासातही तेवढंच. आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असा तिथल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला आहे, म्हणजे साधारण सहा पाइंट. गाडी चालवण्यासाठी इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. किती प्यायल्यावर कोण कुठल्या आकड्यावर जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून पिणाऱ्याने किल्ली घरीच ठेवावी. खेड्यातल्या पबला जात असाल तर परतीच्या शेवटच्या बसची किंवा ट्रेनची वेळ टेबल राखतानाच पाहून घ्या. रविवारी त्या लवकर संपतात, आणि गावात रात्री टॅक्सी मिळेलच असं नाही. ती दुपारीच सांगून ठेवावी. काउंटरवर विचारलं तर स्थानिक टॅक्सीवाल्याचा नंबर हमखास मिळतो.